जपानी गावाच्या कचेरीतला परदेशी माणूस

वाकडच्या दत्त मंदिर रस्त्यालगतच्या एका इमारतीत मी शनिवार-रविवार जपानी भाषेचे वर्ग घेते. त्याला आता पंधरा-सोळा वर्षे झाली. सुरुवातीला येणारे बहुतेक विद्यार्थी हिंजवडीच्या आयटी पार्कमधले असत. कंपनीला जपानी ग्राहक मिळालेला असे आणि वरिष्ठांनी ‘जरा जपानी शिकून घ्या’ असे सांगितलेले असे. पुढे चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर येऊ लागले. त्यांना मशीनपाशी उभा असलेला जपानी साहेब नेमका कशावर नाराज आहे हे कळायला हवे असे. या दोघांचीही पुढची वाट ठरलेली असते. एन-थ्री, मग एन-टू, मग दुभाष्याची किंवा भाषांतराची नोकरी, जमले तर तोक्यो किंवा नागोयाची बदली.

चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने तिसरीच वाट काढली. वर्ग संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, “सेन्सेई, जपानी वकिलातीची एक जाहिरात आलीय. तिकडच्या गावातल्या सरकारी ऑफिसात सांस्कृतिक समन्वयक म्हणून काम. पण तिथे जाऊन करायचं काय असतं?”

मला धड उत्तर देता आले नाही. सरकारी ऑफिस, तेही गावातले, तेही जपानी, आणि त्यात वाकडची मुलगी. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येईना. ती गेली. तिच्या मागून माझ्याकडचे आणखी दोघे गेले. त्यांच्याशी होणारे बोलणे, ती सुटीवर आली की तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा आणि त्या निमित्ताने मी केलेले वाचन यांतून हा लेख झाला आहे. गावांची नावे देत नाही. अशा गावात परदेशी समन्वयक एकच असतो. गावाचे नाव सांगितले की माणसाचे नाव सांगितल्यासारखेच.

प्रथम ही योजना काय आहे ते पाहू. तिचे नाव ‘जपान एक्स्चेंज अँड टीचिंग’, तोंडी नाव ‘जेट’. १९८७ साली ती सुरू झाली. त्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण जपानला गेले. तिचा उगम मात्र निव्वळ संस्कृतिप्रेमात नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिका आणि जपान यांच्यात व्यापारावरून तणाव होता. जपान माल विकतो पण स्वतःची दारे उघडत नाही, हा अमेरिकेचा आक्षेप. पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारला आपण दारे उघडतो आहोत हे दाखवायचे होते, आणि हजारो परदेशी तरुणांना गावोगावच्या शाळांत आणि कचेऱ्यांत बसवण्याची कल्पना त्यासाठी सोयीची होती. ‘कोकुसाइका’, म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण, हा त्या दशकाचा परवलीचा शब्द होता. डेव्हिड मॅकॉनेल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने या योजनेवर २००० साली एक पुस्तक लिहिले. त्यात योजनेचा हा राजकीय जन्म तपशिलाने आला आहे. जिज्ञासूंनी ते जरूर पाहावे.

योजनेत तीन प्रकारची माणसे घेतात. नव्वद टक्क्यांहून अधिक इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक असतात. थोडे क्रीडा प्रशिक्षक. आणि उरलेले ‘कोकुसाइ कोर्यू-इन’, म्हणजे आंतरराष्ट्रीय देवघेवीचे समन्वयक. शिक्षकाला जपानी आले नाही तरी चालते, समन्वयकाला आलेच पाहिजे. एन-टू ही सर्वसाधारण खालची मर्यादा, एन-वन असेल तर उत्तम. शिक्षकाची जागा शाळेत असते; समन्वयकाची जागा जिल्हा, शहर किंवा गावाच्या कचेरीत, स्थानिक कर्मचाऱ्यांच्या रांगेत. भारताचाही या योजनेत समावेश आहे, पण जाणाऱ्यांची संख्या फार लहान असते. अमेरिकेतून मुले विमाने भरून जातात, आपल्याकडून दुचाकीवर मावतील इतकी, असे माझा एक विद्यार्थी गमतीने म्हणतो. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

पुण्याच्या मुलांना ही परीक्षा अवघड जात नाही याला कारणे आहेत. १९७० च्या दशकापासून पुण्यात जपानी शिकवले जाते. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि शहरभर पसरलेले माझ्यासारख्यांचे खासगी वर्ग, असा हा पसारा आहे. शिवाय मराठी माणसाला जपानी वाक्य सरळ वाटते. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, ‘तो म्हणाला की’ऐवजी ‘असे तो म्हणाला’ अशी रचना असते, आणि समोरचा बोलत असताना मधूनमधून हुंकार द्यायचा असतो. कीर्तनात आणि आजीच्या गोष्टीत वाढलेल्याला हा हुंकार शिकवावा लागत नाही. जपानी अक्षरमालेचा क्रमदेखील आपल्याच वर्णमालेवरून आलेला आहे. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम्‌ लिपीचा आणि संस्कृत ध्वनींचा जो अभ्यास केला त्यातून तो रुजला. पुढे खरा घाम फोडतात त्या कांजी. नित्य वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्याच २,१३६ आहेत.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. तिथे करायचे काय असते?

त्याआधी एक उपप्रश्न आहे: आठ-दहा हजार वस्तीच्या गावाला परदेशी समन्वयक हवा कशाला? आणि परवडतो कसा? परवडण्याचे उत्तर सोपे आहे. पगार गाव देते, पण त्या खर्चाचा हिशेब धरून केंद्र सरकार गावाला मिळणाऱ्या करवाट्यात भर घालते. त्यामुळे गावाच्या तिजोरीवर फारसा भार येत नाही. हवा कशाला, याचे उत्तर जपानच्या लोकसंख्येत आहे. तिथे आज दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. १९९९ ते २०१० या काळात गावांची मोठी विलीनीकरणे झाली आणि ३,२३२ नगरपालिका-ग्रामपालिकांच्या १,७२७ उरल्या. त्यानंतर २०१४ साली माजी मंत्री हिरोया मासुदा यांच्या गटाने एक अहवाल काढला आणि ८९६ शहरे-गावे २०४० पर्यंत नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचे नावानिशी जाहीर केले. आपल्या गावाचे नाव त्या यादीत वाचणाऱ्यांना काय वाटले असेल, कोण जाणे. २०२४ च्या नव्या अहवालात हा आकडा ७४४ झाला. सुधारणा म्हणायची तर म्हणा. पण बाहेरून येणाऱ्या परदेशी कामगारांचा हिशेब धरल्यामुळेही तो खाली आला आहे.

म्हणजे गावाला समन्वयक हवा असतो तो एका विचित्र मिश्र कारणासाठी. जुने कारण असे की मुलांना परदेशी माणूस बघायला मिळावा, भगिनी-शहराशी पत्रव्यवहार व्हावा. जपानी शहरांचे आणि प्रांतांचे परदेशांशी असे सतराशेहून अधिक करार आहेत. नवे कारण असे की गावातला मासळीचा कारखाना, शिवणकामाचा कारखाना आणि वृद्धाश्रम व्हिएतनाम, इंडोनेशिया, म्यानमारच्या तरुणांवर चालू लागला आहे आणि कचेरीतल्या कोणालाही त्यांच्याशी बोलायचे कसे हे ठाऊक नाही.

गावाच्या कचेरीला ‘याकुबा’ म्हणतात. एक मोठे दालन, भिंती नाहीत, टेबले एकमेकांना जोडून केलेली बेटे, बेटाच्या टोकाला विभागप्रमुख. सकाळी साडेआठला काम सुरू, सव्वापाचला संपते. निदान कागदावर संपते. समन्वयकाचे टेबल बहुधा नियोजन विभागात किंवा शिक्षण मंडळात असते. माझ्या विद्यार्थिनीला पहिला महिनाभर कोणी काही कामच दिले नाही. ती सकाळी सगळ्यांना नमस्कार करायची, जुनी कागदपत्रे वाचायची, फोन वाजला की दचकायची. आपण नकोसे आहोत की काय, असे तिला वाटू लागले. मग तिच्या लक्षात आले की इथे काम कोणी देत नाही, आपण मांडायचे असते. आणि मांडायचे म्हणजे एक प्रस्ताव लिहायचा, तो शेजाऱ्यापासून विभागप्रमुखापर्यंत फिरवायचा, प्रत्येकाचा शिक्का घ्यायचा. या फिरत्या कागदाला ‘रिंगी’ म्हणतात. एका स्वयंपाकाच्या वर्गासाठी तिच्या कागदावर अकरा शिक्के पडले. पुण्यात सरकारी कचेरीत काम पडलेल्या माणसाला शिक्क्यांचे नवल नाही. नवल याचे की अकराही शिक्के चार दिवसांत पडले, आणि कागद कुठे अडकला आहे हे विचारायला कोणाच्या ओळखीचा माणूस शोधावा लागला नाही.

काम मांडायला लागल्यावर मात्र उसंत मिळत नाही. बालवाडीत जाऊन गाणी-गोष्टी, शाळेत भारतावर तास, ज्येष्ठांच्या मंडळात गप्पा, आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा वर्ग, पाहुणे आले तर दुभाषेपण. दर महिन्याला गावाचे ‘कोहो’, म्हणजे गावपत्रिका, घरोघर जाते. त्यात समन्वयकाचे एक सदर असते. गावातल्या आजीबाई ते सदर खरोखरच वाचतात आणि बाजारात गाठून त्यावर प्रश्न विचारतात. माझ्या विद्यार्थिनीने एकदा पोह्यांवर लिहिले. दुसऱ्या दिवशी एक आजोबा कचेरीत तांदळाची पिशवी घेऊन आले, हे पोहे करायला चालतील का विचारायला.

इथे एक अडचण येते आणि ती तिघांनाही आली. गावाला हवा असलेला भारत तयार असतो: योग, करी आणि साडी. समन्वयक पोचण्याआधीच योगवर्गाची जागा आरक्षित केलेली असते. आमच्यातल्या एका मुलाने आयुष्यात कधी सूर्यनमस्कार घातला नव्हता. तो तिकडे जाऊन इंटरनेटवर बघून शिकला आणि सहा महिने त्याने पंचवीस जपानी काकूंना शिकवले. त्याला लाज वाटायची. मला विचाराल तर लाजण्याचे कारण होते आणि नव्हतेही. गावाला नमुना हवा होता आणि त्याने नमुना पुरवला. ही फसवणूक नव्हे, पण देवघेव म्हणावी असेही त्यात काही नाही. पुढे त्याने वर्गानंतर चहाचा अर्धा तास ठेवला. त्या अर्ध्या तासात काकू त्याला आपली मुले ओसाकाला गेल्याचे सांगत, तो आपले आईवडील लातूरहून वाकडला कसे आले ते सांगे. घर बंद करून गेलेली मुले आणि मागे राहिलेले आईवडील हा विषय दोन्हीकडे सारखाच निघाला. वर्गाला माणसे टिकली ती त्या चहामुळे, असे तो सांगतो.

शाकाहाराचा प्रश्न निराळा. मासा दिसत नाही अशा पदार्थांतही माशाचा अर्क असतो. कात्सुओबुशी नावाच्या सुकवलेल्या माशाच्या किसाचे पाणी, ‘दाशी’, हा त्यांच्या स्वयंपाकाचा पाया आहे, आपल्या फोडणीसारखा. शिंगाड्याच्या पिठाच्या धिरड्यांवर उपास काढणाऱ्या घरातल्या मुलीने तिथल्या बौद्ध मंदिरातल्या ‘शोजिन’ जेवणाचा शोध लावला. कोंबू या समुद्री वनस्पतीचे आणि सुक्या अळंब्यांचे पाणी वापरून केलेले ते जेवण. पुढे तिने मंदिरातल्या पुजाऱ्याच्या पत्नीबरोबर त्याचाच वर्ग घेतला, आणि त्या निमित्ताने तिला दफनभूमीतल्या लाकडी फळ्या वाचता आल्या. जपानी कबरींपाशी उभ्या केलेल्या या उंच फळ्यांवर सिद्धम्‌ अक्षरे लिहिलेली असतात. देवनागरीशी त्यांचे नाते दूरचे, पण ओळखू येण्याइतके. ‘हे काय लिहिलंय ते आम्हालाही वाचता येत नाही, तुला कसं आलं?’ असे पुजाऱ्याच्या पत्नीने विचारले. आपल्या कोणा पूर्वजाचे पत्र हजारभर वर्षांनी दुसऱ्याच गावात उघडल्यासारखे वाटले, असे तिने मला लिहिले होते.

आता ज्या कामामुळे मला हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळते.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. नंतरच्या पाहणीत असे दिसले की जखमी आणि मृत होण्याचे प्रमाण जपानी लोकांपेक्षा परदेशी रहिवाशांत जवळजवळ दुप्पट होते. सूचना जपानीत येत होत्या, थोड्या इंग्रजीत. पण तिथले बरेच परदेशी रहिवासी इंग्रजी न येणारे होते. मग हिरोसाकी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ काझुयुकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. प्रत्येक भाषेत भाषांतर करत बसण्यापेक्षा, जपानीच अशी सोपी करायची की वर्षभर जपानात राहिलेल्या माणसाला ती कळेल. या रूपाला ‘यासाशी निहोंगो’ म्हणतात. ‘यासाशी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, सोपे आणि प्रेमळ. नाव ठेवणाऱ्यांनी दोन्ही मनात धरले असावेत.

उदाहरण पाहा. सरकारी सूचना अशी असते: “ताकादाइ नी हिनान शिते कुदासाइ.” उच्च भूभागी स्थलांतर करावे, अशा वळणाचे हे वाक्य. तेच सोपे केले की होते: “ताकाइ तोकोरो नी निगेते कुदासाइ.” उंच जागी पळा. पहिल्या वाक्यातले दोन मुख्य शब्द चिनी वळणाचे, कांजी ओळखणाऱ्यालाच कळणारे. दुसऱ्यातले घरातले. नियमही साधे आहेत: एका वाक्यात एकच गोष्ट, वाक्य आखूड, दुहेरी नकार नाही, आदरार्थी क्रियापदांची आरास नाही, कांजीवर उच्चार लिहिलेला.

माझी विद्यार्थिनी तिथे पोचली तेव्हा गावात भारतीय माणूस ती एकटीच होती. हिंदी-मराठी-इंग्रजीत भाषांतर करून वाचणारे कोणी नव्हते. गावातले परदेशी म्हणजे मासळीच्या कारखान्यातल्या व्हिएतनामी मुली. त्यांची भाषा तिला येत नव्हती. मग ती कोणत्या कामाची, असा प्रश्न कचेरीत दबक्या आवाजात विचारला गेला होता. झाले असे की तीच सर्वांत कामाची ठरली, कारण कचेरीत जपानी भाषा परकी म्हणून शिकलेली ती एकटीच होती. कोणता शब्द कुठे अडतो हे तिला स्वतःच्या अडखळण्यातून ठाऊक होते. जन्मजात जपानी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना आपली भाषा अवघड कुठे आहे हेच दिसत नसे. तिने कचऱ्याच्या वर्गीकरणाचे पत्रक सोपे केले, मग लसीकरणाचे, मग पुराच्या वेळचे. प्रत्येक मसुदा ती त्या मुलींना रविवारी वाचून दाखवी आणि त्या जिथे गप्प होत तिथे खूण करी.

पुराच्या पत्रकाबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानात अतिवृष्टी झाली, दोनशेहून अधिक माणसे गेली. ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहराच्या माबी भागात ५१ जण बुडून मेले, त्यांतले बहुतेक वृद्ध. पाणी कुठपर्यंत येईल याचा नकाशा पालिकेने आधीच वाटलेला होता आणि पाणी जवळजवळ त्या नकाशाबरहुकूमच आले. म्हणजे माहिती होती, ती पोचलेली नव्हती. पुढे असेही लक्षात आले की ‘स्थलांतराची शिफारस’ आणि ‘स्थलांतराचा निर्देश’ या दोन सरकारी पायऱ्यांतला फरक खुद्द जपानी लोकांनाच कळत नव्हता. शिफारस आली की माणसे निर्देशाची वाट बघत घरात बसत. मे २०२१ मध्ये कायदा बदलून ‘शिफारस’ ही पायरीच काढून टाकली. तेव्हा परदेशी लोकांसाठी सोपी केलेली भाषा गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजींनाही हवी असते. माझ्या विद्यार्थिनीचे पत्रक शेवटी याकुबाने सगळ्याच घरांत वाटले. त्यावर तिचे नाव नव्हते. गावाच्या पत्रकावर कोणाचेच नसते.

हे ऐकताना मला पवना नदी आठवत होती. धरणातून पाणी सोडले की नदीकाठच्या वस्त्यांना इशारा दिला जातो: ‘विसर्ग वाढविण्यात येत असून नदीपात्रालगतच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी.’ किती क्युसेक ते पुढे असते. वाकड-पुनावळे-ताथवडे पट्ट्यात इमारतींच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारे बांधकाम मजूर बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालचे आहेत. त्यांना तर सोडाच, ‘विसर्ग’ म्हणजे काय हे आमच्या सोसायटीतल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मराठी मुलांनाही सांगावे लागते. त्या मुलीने सुटीत आली असता असाच एक इशारा वाचला आणि कागदाच्या मागे लिहिले: ‘धरणाचे पाणी सोडले आहे. नदीचे पाणी वाढेल. नदीजवळ जाऊ नका. सामान उचला.’ तो कागद माझ्याकडे आहे.

पुणे आणि जपान यांच्या नात्याचे आपण जेव्हा बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे सिंहगड रस्त्यावरचे उद्यान येते. ओकायामाच्या कोराकुएन या सुमारे तीनशे वर्षांच्या बागेच्या धर्तीवर केलेले हे उद्यान २००६ साली खुले झाले, आणि त्याला ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान दाखवणाऱ्या पु. ल. देशपांड्यांचे नाव आहे. किंवा २०१३ साली महाराष्ट्राने वाकायामा प्रांताशी केलेला करार, आणि त्या प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बसवलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. किंवा मराठी मुलूखातून जाऊन तिथले नागरिक झालेले आणि २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक. हे सारे महत्त्वाचे आहे. पण करार झाला, पुतळा बसला, बाग फुलली की त्यानंतरचे रोजचे बोलणे कोणीतरी करावे लागते, आणि ते बहुधा अशी एखादी वर्षभराच्या करारावरची मुलगी करत असते.

करार वर्षाचाच असतो, ही या नोकरीची मुख्य गोम. एप्रिल २०२० पासून जपानच्या स्थानिक कचेऱ्यांतील अशा नेमणुका आर्थिक वर्षापुरत्या मानल्या जातात. पटले तर नूतनीकरण, आणि जास्तीत जास्त पाच वर्षे. पाचव्या वर्षी कितीही चांगले काम असले तरी जावे लागते. गावाला दर काही वर्षांनी नवा माणूस मिळतो आणि जुन्याने उभे केलेले अर्धे मोडते. योगवर्गाच्या चहाचे तेच झाले. नव्या समन्वयकाला त्याची कल्पनाच नव्हती.

पगाराचे आकडे सांगते, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात. अनेक वर्षे पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन होता; २०२५ मध्ये तो ४० लाख २० हजारांच्या घरात गेला. येनला ५५ ते ६० पैसे धरले तर जुन्या दराने महिन्याला दीड-पावणेदोन लाख रुपये होतात. त्यातून कर, विमा, निवृत्तिवेतनाची कपात, घरभाडे. गावात बस दिवसातून तीन वेळा येत असेल तर गाडी घ्यावीच लागते. हिंजवडीत चार-पाच वर्षे काढलेल्या, जपानी येणाऱ्या मुलाला फार मोठा फायदा नाही. परत आल्यावर तर अडचण अधिक. ‘गावच्या कचेरीत समन्वयक’ हा अनुभव मुलाखत घेणाऱ्याला कोणत्या रकान्यात बसवावा ते कळत नाही. एकाला सरळ विचारले गेले, “म्हणजे तीन वर्षं गॅपच ना?” परतणाऱ्यांना एक बारीक सूचना: भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्याखाली तिथली निवृत्तिवेतनाची वर्षे पुढे मोजता येतात. पण निघताना एकरकमी परतावा उचलला तर ती वर्षे हिशेबातून जातात. पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर पैसे काढण्याआधी नीट चौकशी करावी.

वाकडच्या माणसाला या गावांत सर्वांत जास्त काय विचित्र वाटते असे मी तिघांना विचारले होते. तिघांचे उत्तर एकच: शांतता. वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले तेव्हा इथे ऊस आणि ज्वारी होती. आज शेतातून उठलेल्या वीस-वीस मजली इमारतींत देशभरातून आलेली माणसे राहतात. तिकडे उलटे. शाळेची इमारत सुरेख, मुले अकरा. दुकानांच्या रांगेत दहातली सात शटरे खाली.

जत्रेच्या वेळी हे सर्वांत टोचते. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून म्हातोबाचे बगाड निघते आणि वाकडच्या देवळाशी येते. गळकऱ्याचा मान ठरलेल्या घराण्याचा, खांदेकरी ठरलेले, पुढे कोणी चालायचे तेही ठरलेले. आम्ही बाहेरून आलेले लाखभर लोक गॅलरीतून नाहीतर वाहतूक कोंडीत अडकून ते बघतो. कोणी आम्हाला बोलावत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. जपानी गावात देवाची पालखी, ‘मिकोशी’, उचलायला खांदे नाहीत. तिथल्या जत्रांनाही घराण्यांचे मान होते, बायकांना मज्जाव होता, परक्यांना तर होताच. एकेक करून ते सगळे सुटले, कारण धरायला माणूस उरला नाही. इवाते प्रांतातल्या कोकुसेकी मंदिराचा हजार वर्षांची परंपरा सांगणारा सोमिनसाई उत्सव १७ फेब्रुवारी २०२४ रोजी शेवटचा झाला. करणारे म्हातारे झाले म्हणून मंदिरानेच तो थांबवला. माझ्या विद्यार्थिनीच्या गावात दुसऱ्या वर्षी मिकोशीला सोळा खांदे लागत होते आणि नऊच होते. मग याकुबाच्या लोकांना बोलावले, मासळी कारखान्यातल्या व्हिएतनामी मुलींना बोलावले, तिलाही. खांद्यावर आठ दिवस वळ होता. तिचे वडील मूळ वाकडचेच, पण मुलगी म्हणून बगाडाला तिने कधी हात लावला नव्हता. तिकडे परकी म्हणून उचलायला मिळाली, असे ती हसत सांगते.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या ये-जा करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यांतले ५० हजार भारतातून जाणारे कुशल कामगार असतील. तेव्हापासून माझ्या वर्गात चौकशीचे फोन वाढले आहेत. आता येणारी मुले अहिल्यानगर, धाराशिव, नंदुरबारची आहेत आणि त्यांना वृद्धाश्रमात, कारखान्यात, शेतात काम करायचे आहे. म्हणजे यापुढच्या गावांत भारतीय माणूस एकटा नसेल. कचऱ्याचे पत्रक, लसीकरणाचे पत्रक, पुराचे पत्रक त्यांच्याही हातात पडेल.

माझी पहिली विद्यार्थिनी सध्या चौथ्या वर्षात आहे. हिवाळ्यात नूतनीकरणाचा कागद येतो. ‘हो’ लिहिले तर पाचवे आणि शेवटचे वर्ष. ‘नाही’ लिहिले तर येत्या उन्हाळ्यात वाकड. आई म्हणते लग्नाचे बघू. मागच्या आठवड्यात तिने मला गावपत्रिकेच्या सदराचा मसुदा तपासायला पाठवला. विषय बगाड. एका शब्दापाशी ती अडली होती: ‘मान’ या शब्दाला जपानीत काय म्हणावे? ‘मेइयो’ म्हटले तर पदकासारखे वाटते, ‘याकुमे’ म्हटले तर नुसते काम होते. मी ‘याकुमे’ ठेवायला सांगितले आणि खाली एक ओळ वाढवायला सांगितली: हे काम ज्याचे असते त्याच्याशिवाय दुसऱ्याने केलेले चालत नाही. तिने ती ओळ घातली, मग खोडली. पत्रिका छापायला गेली तेव्हा त्या जागी लिहिले होते, आमच्याकडे अजून चालत नाही.